पाच तलावांची साखळी आणि तुमचा पीएचडीचा विषय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भंडारा-गोंदियाच्या सीमेवरच्या गावात राहता, पॉलिटेक्निकला शिकवता, पीएचडीची नोंदणी होऊन दीड वर्ष झालं. मार्गदर्शकांनी विषय दिलाय ‘संगणक-साहाय्यित प्रणाली सिद्धांत व त्याचे उपयोजन’. महागडं सॉफ्टवेअर कॉलेजात नाही, डेटा नाही, आणि सोबतचे सगळे डीप लर्निंगवर (आकड्यांवरून आपोआप शिकणाऱ्या संगणकी जाळ्यांवर) पेपर काढताहेत. म्हणून विचारताय की हा विषय जुनाट तर नाही ना, खेड्यात बसून यात काही होईल का, आणि सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरपासून करू.

सॉफ्टवेअरचं उत्तर दोन ओळींचं आहे, ते शेवटी देतो. तुमची खरी अडचण वेगळी दिसते. विषय हातात आहे, पण त्यातून कुणाचा कोणता निर्णय सोपा करायचा आहे, हे कुणी सांगितलेलं नाही. ‘उपयोजन’ म्हणजे कशाला लावायचं? तेवढंच ठरलं की दीड वर्षाचा गुंता बराच सुटतो. आणि तुमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर (बांधावर) उभं राहिलं तर ते ठरवायला फार लांब जावं लागत नाही, असं मला वाटतं.

मी कोण, तेही सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवाल. या कामात सत्तावीस वर्षं झाली. पहिली नऊ चंद्रपूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात भट्टीच्या नियंत्रणावर गेली, मग काही वर्षं सिम्युलेशनची किरकोळ कामं, आणि गेली बारा-तेरा वर्षं बहुतेक पाणीच: तलाव, कालवे, गावच्या नळयोजना. प्राध्यापक नाही. तुमच्या विद्यापीठाच्या नियमांबद्दल काही बोललो तर दुर्लक्ष करा.

आधी ‘जुनाट’चं बघू. नाव जुनं आहे हे खरं. ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रियातल्या लिंझ विद्यापीठात फ्रान्झ पिचलर यांनी ‘कास्ट’ हा शब्द, म्हणजे तुमच्या विषयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, ‘कॅड’ (संगणकावर आराखडे काढणं) आणि ‘कॅम’ (संगणकाच्या मदतीने उत्पादन) यांच्या धर्तीवर रूढ केला. चित्र काढायला संगणक मदत करतो, तशी सिद्धांत वापरायलाही त्याने मदत करावी, असा त्यांचा विचार. त्यांच्या जोडीला स्पेनचे रोबेर्तो मोरेनो-दियाझ होते, आणि १९८९ मध्ये ग्रॅन कनारिया बेटावरच्या लास पाल्मासला युरोकास्टची, म्हणजे याच विषयाची, पहिली परिषद झाली. ती अजूनही साधारण दर दोन वर्षांनी भरते. हल्ली तिथे यंत्रमानवापासून वाहतुकीपर्यंत सगळं येतं, त्यामुळे तिचे ग्रंथ चाळून विषय शोधायला बसाल तर आणखी गोंधळाल. चाळू नका.

त्यातली मूळ कल्पना मात्र धरून ठेवा. एकाच गोष्टीचं वर्णन अनेक रूपांत करता येतं. काय घातलं आणि काय निघालं एवढंच सांगणारी बंद पेटी हे एक रूप. आतली अवस्था आणि ती कशी बदलते ते सांगणारं दुसरं. सुटे भाग आणि त्यांचे जोड दाखवणारं जाळं हे तिसरं. एका रूपात प्रश्न सुटत नसेल तर त्याला दुसऱ्या रूपात न्यायचं, तिथे सोडवायचं, आणि उत्तर परत आणायचं. हे नेणं-आणणं हाताने करताना माणूस चुकतो, दमतो. ते संगणकाकडे द्यायचं. पिचलर यांच्या गटाने मर्यादित अवस्थांच्या यंत्रांसाठी, म्हणजे फायनाइट स्टेट मशीनसाठी, असा साधनसंच बांधलाही होता. यात जुनं होण्यासारखं काही मला दिसत नाही. उलट आज हातात साधनं फुकट आहेत आणि लोक रूप न बदलता पहिल्याच रूपावर डोकं आपटत बसतात.

आता तुमच्या गावाकडे येऊ. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, तलाव एकटा क्वचितच असतो. वरच्या टेकाडाकडून उतरत एकाखाली एक असे चार-पाच मामा तलाव, मधे दोन-चार बोड्या, म्हणजे लहान तळी. वरचा भरला की सांडव्यावरून खालच्यात, तो भरला की त्याच्या खालच्यात. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी, हे तुम्हाला सांगायला नको. पण बाहेरचे वाचणारे असतील तर त्यांच्यासाठी सांगतो की कोहळी लोकांनी बांधलेली ही व्यवस्था मालगुजारीत, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या काळात, चालत होती, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारजमा झाले. तलाव राहिले, पाणी सोडायचे नियम पाणकराच्या, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाच्या, डोक्यात राहिले.

आणि प्रश्न दरवर्षी एकच येतो. ऑक्टोबर लागतो, पाऊस परततो, भारी धान निसवायला लागलेला असतो. तुडूम, म्हणजे पाळीतून पाणी सोडायचं दार, आज उघडायचं की आठ दिवस थांबायचं? आज सगळ्यांना द्यायचं की शेपटाच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, बांध्यांना (धानाच्या वाफ्यांना) आधी? वरच्या तलावाचं पाणी खालच्यासाठी सोडायचं की राखायचं? निर्णय कोण घेतो, कधी घेतो, चुकला तर काय जातं, हे सगळं तुमच्या दारात आहे. प्रबंधाला याहून चांगला प्रश्न लिंझमध्येही मिळणार नाही.

एक आकडा आधी मनात बसवा. भरलेल्या तलावाचा पाणपसारा २० हेक्टर असेल आणि ऑक्टोबरात दिवसाला ४ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर रोज ८०० घनमीटर पाणी नुसतं उडतं. धानाच्या बांधीला पाझरासकट दिवसाला ८ मिलिमीटर धरले तर एका हेक्टरला ८० घनमीटर लागतात. म्हणजे राखून ठेवलेला तलाव रोज दहा हेक्टर धानाचं पाणी उन्हाला देतो. ‘राखू या’ म्हणणं फुकट नसतं, हे पाणकराला माहीत असतं. किती महाग पडतं ते त्याला मोजून कुणी सांगितलेलं नसतं.

पहिलं काम म्हणजे हद्द ठरवणं. आत काय, बाहेर काय. इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. माझ्या पहिल्या साखळीच्या मॉडेलमध्ये तलाव होते, पाऊस होता, धान होतं. संगणकाने सुरेख वेळापत्रक काढलं: डिसेंबरपर्यंत थेंबन् थेंब शेतात. ग्रामपंचायतीत पडद्यावर ते दाखवलं. मागे मच्छीमार संस्थेचे एक म्हातारे ढीवर बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, “समदं बराबर हाये जी. मासोळी कुठी ठेवाची मग?” माझ्या वेळापत्रकात तलाव उन्हाळ्यात कोरडा होता. त्यांनी सोडलेलं बीज त्यात मेलं असतं. मॉडेलमध्ये एकही सूत्र चुकलेलं नव्हतं. हद्दच चुकलेली होती, आणि ती कोणत्याही सॉफ्टवेअरने लाल रंगात दाखवली नसती.

दुसऱ्या वेळी उलटं झालं, हद्दीच्या आत मी कमी पाहिलं. पावसाच्या मानाने खालचा तलाव भरतच नव्हता. आठवडाभर गुणांक बदलत बसलो. मग पाणलोटात पायी फिरलो तेव्हा तीन नव्या बोड्या आणि नाल्यावरचा सिमेंटचा बंधारा दिसला. पाणी तिथे अडत होतं. तेव्हापासून पाणलोट पायी फिरल्याशिवाय मी कीबोर्डला हात लावत नाही.

हद्द ठरली की अवस्था लिहायच्या. अवस्था म्हणजे आज जे माहीत असलं की कालचं सगळं विसरता येतं ते. तलावासाठी ती म्हणजे साठा. पण आपण पाहतो ती पाण्याची उंची, आणि उंचीवरून साठा काढणं दिसतं तेवढं सरळ नाही. तलाव बशीसारखा असतो. निम्म्या उंचीवर पाणी आलं तर लोक ‘निम्मा तलाव’ म्हणतात. बशीचा आकार सौम्य असेल तर उरलेला साठा चौथाई असतो, कडा शंकूसारख्या असतील तर आठवा हिस्सा. गावातली अर्धी भांडणं या एका गैरसमजातून होतात असं माझं निरीक्षण आहे. त्यात गाळ तळाशी बसत जातो, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचं कोष्टक मिळालं तरी त्यावर विसंबायचं नाही.

मग कोष्टक आणायचं कुठून? नाव, दोर, सर्वेक्षण यांना पैसे लागतात. युक्ती अशी: पाळीच्या आतल्या बाजूला, तुडुमाजवळ, उंचीची पट्टी रंगवा. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं १० मीटरच्या बारकाव्याने, ढग नसतील तर दर ५ दिवसांनी, फुकट मिळतात. ऑक्टोबर ते मे तलाव हळूहळू उतरतो. त्या त्या तारखेचा पट्टीवरचा आकडा आणि त्याच तारखेचा चित्रातला पाणपसारा जोडत गेलात की एकाच हंगामात उंची आणि क्षेत्रफळ यांचं अख्खं कोष्टक तयार होतं, आणि क्षेत्रफळांची थरांवर थर बेरीज केली की साठा. २० हेक्टर म्हणजे दोन हजार ठिपके. कडेच्या ठिपक्यांत चूक होईल, पण कामापुरतं भागतं. फसगत एकच आहे. ज्या कडेला बेशरमाची झुडपं माजलीत किंवा कमळाची पानं पसरलीत तिथे खाली पाणी असूनही चित्र हिरवं दिसतं आणि गणित त्याला जमीन समजतं. त्या कडा एकदा चालत जाऊन नकाशावर हाताने आखा. हे काम शिष्याला सांगू नका, स्वतः करा.

आता या साऱ्यातली मला सर्वांत आवडणारी चूक सांगतो, कारण तुम्ही ती करणारच आहात.

पाच तलावांची साखळी, एक दिवसाची पायरी. प्रत्येक तलावाचा आजचा साठा काढताना कालचे आकडे घ्यायचे: कालचा साठा, अधिक पाऊस, अधिक वरच्याचा कालचा सांडवा, वजा आपला सांडवा, वजा बाष्पीभवन, वजा झिरपा. कोणत्याही पुस्तकात असंच सापडेल. मी ते चालवलं आणि एका म्हाताऱ्या पाणकराला दाखवलं. जुलैत एक मोठा पाऊस, वरचा तलाव सांडला, आणि पडद्यावर पाण्याची लाट खाली खाली सरकत पाचव्या तलावात पोचली, चार दिवसांनी. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “वरचा सांडला का सांजपर्यंत खालच्याले समजते. तुमच्या मशीनले चार दिवस कायले लागते?”

कायले लागते, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. प्रत्येक जोडावर ‘वरच्याचा कालचा’ आकडा घेतल्याने मीच प्रत्येक जोडात एक दिवसाचा विलंब घुसवला होता. पाच तलाव, चार जोड, चार दिवस. तो विलंब पाण्याचा नव्हता, माझ्या आकडेमोडीच्या क्रमाचा होता. मी मात्र तोवर त्याला ‘प्रवाहाचा कालावधी’ असं भारदस्त नाव देऊन एक आलेखही काढला होता. भट्टीवर नऊ वर्षं घालवलेल्या माणसाकडून हे झालं, जिथे विलंब म्हणजे काय हे रोज हाताला चटके बसून कळतं.

उपाय दोन. साधा म्हणजे वरून खाली या क्रमाने मोजायचं आणि वरच्याचा आजचाच सांडवा खालच्याला द्यायचा. साखळी सरळ असेल तर हे पुरतं. पण दोन साखळ्या खाली एकत्र येत असतील, किंवा कालव्याचं पाणी मधेच शिरत असेल, तर क्रम लावता लावता नाकी नऊ येतात. तेव्हा दुसरा उपाय: दिवसाची पायरीच सोडायची आणि घटनेवर चालायचं. ‘वरचा काठोकाठ भरला’ ही घटना, ‘सांडवा थांबला’ ही घटना, ‘तुडूम उघडलं’ ही घटना. मधल्या काळात साधं समीकरण चालू द्यायचं, घटना आली की नियम बदलायचा. बर्नार्ड झाइग्लर यांनी १९७६ मध्ये याची शिस्तशीर मांडणी केली, तिला डेव्ह्ज म्हणतात. तुमच्या पीएचडीत ‘सिद्धांत’ कुठे आहे असं परीक्षकांनी विचारलं तर बोट ठेवायची पहिली जागा ही.

सांडव्याबद्दल जाता जाता: सांडव्यावरची पाण्याची जाडी दुप्पट झाली की प्रवाह दुप्पट होत नाही, २.८ पट होतो, कारण तो उंचीच्या दीड घातावर चालतो. म्हणून तीन तासांत कोसळलेला पाऊस चोवीस तासांत पसरवून मोजला तर सांडव्यावरचा जोर पार मरतो. पाळ फुटण्याचा धोका पाहायचा असेल तर दिवसाची पायरी चालत नाही. ऑक्टोबरचं पाणीवाटप पाहायचं असेल तर बिनधास्त चालते. पायरी किती घ्यावी हे तुमच्या प्रश्नावर अवलंबून आहे, आणि असं अवलंबून असणारं बरंच काही पुढे येणार आहे.

आता प्रबंधाचा गाभा होऊ शकेल असा तुकडा. एका ठिकाणी आम्हाला पाण्याची पातळी मोजणाऱ्या दोन सेन्सरपुरते पैसे मिळाले. तलाव पाच. पहिला आम्ही सर्वांत खालच्या तलावावर लावला. कारण विचाराल तर तिथपर्यंत डांबरी रस्ता होता आणि मोबाईलला रेंज होती. वर मी शास्त्रीय कारणही चिकटवलं: सगळ्यांचं पाणी शेवटी इथेच येतं, म्हणजे इथून सगळ्यांचं कळेल. दुसरा सेन्सर बिघडला तर बदलायला म्हणून कपाटात ठेवला. पावसाळाभर झकास चाललं. मग जानेवारीत कळलं की सर्वांत वरच्या तलावाच्या तुडुमाची झडप नीट बसत नव्हती आणि तो दिवाळीपासून गळत होता. गळलेलं पाणी भलत्याच नाल्याने निघून गेलं. आमच्या खालच्या सेन्सरला याचा पत्ताच नव्हता.

नंतर कागद घेऊन बसलो तेव्हा लाज वाटली, कारण हे १९६० पासून माहीत आहे. रुडॉल्फ काल्मन यांनी तेव्हा ऑब्झर्व्हेबिलिटी ही कल्पना मांडली: बाहेरून जे मोजता त्यावरून आतल्या सगळ्या अवस्था ओळखता येतात का? आमच्या साखळीत वरचा तलाव सांडत असेल तेव्हाच त्याची खबर खालच्याला लागते. सांडवा थांबला की जोड तुटला. मग खालच्या पट्टीकडे वर्षभर डोळे लावून बसा, वरच्याचं काही कळणार नाही. आणि सांडवे थांबतात कधी? नेमके ऑक्टोबरात, जेव्हा निर्णय घ्यायचा असतो.

हे मी गोष्ट म्हणून सांगितलं, तुम्ही ते सिद्ध करून दाखवा. पाच तलाव, चार जोड, प्रत्येक जोड चालू किंवा बंद, म्हणजे १६ प्रकार. पाचांतून दोन ठिकाणी मोजायचं तर जागा निवडायच्या १० तऱ्हा. एकूण १६० वेळा एक छोटा मॅट्रिक्स (आकड्यांचं चौकोनी कोष्टक) मांडून त्याची रँक तपासायची, म्हणजे मोजलेल्यावरून किती तलावांची अवस्था ओळखता येते ते बघायचं. हाताने जीव जाईल. लॅपटॉप चहाचा घोट घेईपर्यंत करतो. मग तुमच्या तलावांचे सांडवे वर्षात किती दिवस कोणत्या प्रकारात असतात ते जोडा, आणि सांगा की वर्षातल्या किती दिवशी, कोणत्या जागा निवडल्या तर, किती तलाव ‘आंधळे’ राहतात. जाळ्याच्या रूपातून अवस्थेच्या रूपात, तिथून रँकच्या प्रश्नात, आणि उत्तर परत गावात. पिचलर यांना अभिप्रेत होतं ते हेच, असं मी समजतो.

इथे एक काटा आहे. वरच्या बांध्यांतून निथळलेलं पाणी थोडंफार खालच्या तलावात येतंच. तो बारीक जोड मॉडेलमध्ये धरलात तर रँक पूर्ण येईल आणि संगणक म्हणेल, सगळं दिसतंय. पट्टी सेंटिमीटरने वाचणाऱ्या माणसाला ते कधीच दिसणार नाही. तेव्हा रँकचं हो-नाही उत्तर घेऊन थांबू नका. मोजमापातली चूक धरून किती विश्वासाने दिसतंय ते काढा. बरेच पेपर या ठिकाणी घसरतात.

आमच्या बाबतीत निष्कर्ष गमतीशीर निघाला. कोणत्याही दोन जागा घेतल्या तरी ऑक्टोबरनंतर तीन तलाव आंधळेच. म्हणून कपाटातला सेन्सर कपाटातच राहिला, पाचही तलावांवर रंगाच्या पट्ट्या आल्या आणि पाणकराच्या नातवाने आठवड्यातून दोनदा सायकलने फेरी मारून फोटो पाठवायचं ठरलं. सिद्धांताने आम्हाला खर्च कमी करायला सांगितलं, हे माझ्या सत्तावीस वर्षांत दोन-तीनदाच घडलं असेल.

इथवर आलं ते असं: आधी कुणाचा निर्णय ते, मग हद्द, मग अवस्था, मग जोड कधी चालू कधी बंद, आणि त्यावरून कुठे मोजायचं. संगणक चौथ्या पायरीवर आला. तुमच्या बरोबरचे त्याला पहिल्या पायरीवर आणतात.

त्यांच्यावरून आठवलं, डीप लर्निंग. मला त्याच्याशी वैर नाही. जलपर्णी आणि बेशरम ओळखायला चित्रांवर मी स्वतः ते वापरतो. पण आठवड्याला एक आकडा धरला तर तीन वर्षांत साधारण दीडशे आकडे होतात. त्यावर शिकलेल्या जाळ्याला सांडव्यावर गावाने वाळूची पोती रचली की काय होईल ते ठाऊक नसतं, कारण ते त्याने कधी पाहिलेलं नसतं. पाण्याच्या ताळेबंदाला ते सांगता येतं: सांडव्याची उंची तीस सेंटिमीटर वाढवा आणि पुन्हा चालवा. तुमच्याकडे भौतिक नियम आहे आणि आकडे थोडे आहेत. अशा वेळी नियम घट्ट धरायचा आणि फक्त झिरपा, पाणलोटातून येणाऱ्या पाण्याचं प्रमाण, असे तीन-चार गुणांक आकड्यांवरून ठरवायचे. ज्याच्याकडे आकडे ढीगभर आणि नियम धूसर, त्याचा रस्ता वेगळा.

पडताळणीत एक सापळा आहे तो नीट समजून घ्या. तुमच्या भागात पाऊस बाराशे-तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, ऑगस्ट-सप्टेंबरला तलाव काठोकाठ असतात. त्या दिवसांत ‘तलाव भरलेला आहे’ एवढंच म्हणणारं मॉडेलसुद्धा बरोबर ठरतं. वर्षभराचे आकडे एकत्र घालून जुळणीचा गुणांक काढलात तर तो ०.९ च्या वर येईल, मार्गदर्शक खूश होतील, आणि मॉडेल ऑक्टोबरात साफ चुकेल. म्हणून भरलेले दिवस बाजूला काढा आणि फक्त उतरत्या तलावावर परीक्षा घ्या. शक्य असेल तर एखादं कमी पावसाचं वर्ष पूर्ण बाजूला ठेवा, गुणांक ठरवताना त्याच्याकडे बघूही नका. आकडा घसरेल. घसरलेलाच छापा.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तलाव खरंच साखळीत आहेत की मधला जोड कधीचाच बुजलाय, हे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. तुडूम चालू आहे का? बऱ्याच ठिकाणी ते मोडलंय आणि पाणी मोटारीने उपसतात. तसं असेल तर तुमचा नियंत्रक पाणकर राहत नाही, वीज कधी येते ते वेळापत्रक होतं, आणि मॉडेल पुष्कळ बदलतं. तलाव जिल्हा परिषदेकडे आहे की पाटबंधारे खात्याकडे, यावर जुनी नोंद कुठे मागायची ते ठरेल. पावसासाठी महसूल मंडळाची नोंद घ्या, पण केंद्र दहा-पंधरा किलोमीटरवर असेल तर गावात एक साधं पर्जन्यमापक ठेवाच. आपल्याकडचा पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारच्यात नाही. आणि तुमचा विभाग संगणकशास्त्राचा असेल तर ‘हे पाटबंधाऱ्याचं काम’ असा आक्षेप येणार. त्यावर उत्तर म्हणून १६० तपासण्यांचा तो भाग पुढे ठेवा, धान मागे. मार्गदर्शकांकडे विषय बदलायला जाऊ नका. फक्त शीर्षकाला शेपूट जोडून मागा, ‘तलावसाखळीच्या संदर्भात’. बहुतेक मान्य करतात, त्यांनाही तो विषय अंगावर आलेला असतो.

सॉफ्टवेअर: सायलॅब आणि त्यातलं एक्सकॉस, किंवा ओपनमॉडेलिका. दोन्ही मोफत, दोन्ही तुमच्या जुन्या लॅपटॉपवर चालतील. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्यांचं शिक्षणसाहित्य फुकट ठेवलंय. घटनांवर चालणारा भाग पायथनमध्ये सिमपाय घेऊन लिहा. रँक तपासायला यातलं काहीही चालतं. यावर एक महिन्यापेक्षा जास्त घालवू नका.

आणि ऑक्टोबरची वाट न बघता, आजपासून करण्याजोगं एक काम. पाऊस नसलेला, तुडूम बंद असलेला, सांडवा थांबलेला असा वीस दिवसांचा टप्पा शोधा. पहिल्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी सकाळी एकाच वेळी पट्टी वाचा. समजा १८ सेंटिमीटर उतरलं, म्हणजे रोज ९ मिलिमीटर. त्यातले ४ बाष्पीभवनाचे काढा, उरलेले ५ तुमच्या तलावाचा झिरपा, किंवा झडपेची गळती. दोन्हींपैकी कोणतं ते पाळीच्या बाहेरच्या पायथ्याला चालत गेल्यावर ओल कुठे आहे यावरून कळेल. पाणकराला सोबत घ्या, तो चप्पल काढून सांगतो. हा एक आकडा हाती आला की तुमचं मॉडेल सुरू झालं म्हणायचं. आकडे इथेच टाका, पुढचं कोष्टक कसं मांडायचं ते दाखवतो. पट्टी रंगवायला मात्र तेलरंगच घ्या. मी पहिल्या वेळी घरात उरलेलं डिस्टेंपर लावलं होतं, मृगाच्या दुसऱ्या सरीत सगळे आकडे तलावात गेले.